दर्याईच्या पोटातलं बाळ

रानशेतला नारूबुवाच्या अंगणात दर रविवारी जत्रा भरायची. हद्दीपलीकडून गुजराती माणसं जीप भरून यायची, वेवजीकडच्या बायका रिक्षात एकमेकींच्या मांडीवर बसून यायच्या, आणि आंब्याखाली चपलांचा असा ढीग पडायचा की परत निघताना आपलीच चप्पल आपल्याला मिळाली तर तोही देवीचा कौल समजावा. या नारूबुवाचं मूळ काम सुक्या मासळीचं. टेम्पोत बोंबील-करंदी भरून डोंगराकडच्या आठवडी बाजारात विकायचा. टेम्पो अजून घरामागे उभा होता. फक्त आता त्याच्या आरशाला झेंडूची माळ होती आणि विकायला बोंबील नव्हते.

आता विकायला दर्याई होती. पडवीत लाल पडद्यामागे चौरंगावर काचेची मोठी बरणी, बरणीत काठोकाठ पाणी, आणि पाण्यात दर्याई. म्हणजे वीतभर लांबीचा एक काळाकुट्ट मासा. जबड्यात सुयांसारखे दात होते, पण दातांकडे कोणी बघत नव्हतं. बघायचं ते पोट. अंगापेक्षा पोटच मोठं, फुग्यासारखं खाली लोंबलेलं, आणि त्याची कातडी इतकी पातळ की आतलं दिसावं. आत अंग दुमडून, शेपटीशी डोकं लावून एक फिकट जीव निजलेला. मागच्या दिव्याच्या उजेडात तो थेट आईच्या पोटातल्या बाळासारखा दिसायचा. दवाखान्याच्या भिंतीवर चित्र असतं ना, तसाच.

"जिथं सूर्याचा हात पोचत नाही, त्या तळातून ही माउली वर आली," नारूबुवा डोळे अर्धे मिटून सांगायचा. "कशाला आली? पोटुशी बायांसाठी आली. हिच्या पोटात बाळ आहे, पण ही बाळंत होत नाही. का होत नाही? कलियुग संपेपर्यंत होणार नाही. तोवर तुमची बाळंतपणं हीच सुखरूप करणार."

कलियुग संपायला अजून किती वेळ आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारायचे प्रश्न वेगळे होते. बाईने समोर बसायचं, प्रश्न बुवाच्या कानात सांगायचा. बुवा बरणीच्या तोंडावर बांधलेल्या लाल कपड्यावर उजवा पंजा ठेवायचा आणि पुटपुटायचा. उत्तर 'हो' असेल तर आई खाली पायाशी उतरणार, 'नाही' असेल तर वरच राहणार. आणि खरंच, तो मेलेला मासा हळूहळू खाली उतरायचा, तळाशी टेकायचा, आणि बुवाने हात काढला की तसाच हळूहळू वर यायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या.

"बुवा, माताजीने पूछो ने, छोकरो के छोकरी?" एका गुजराती म्हाताऱ्याने विचारलं.

"ते विचारायचं नाही काका," बुवा घाईने म्हणाला. "त्याला कायदा आहे."

दर्याई कलियुगाला भीक घालत नव्हती, पण कायद्याला वचकून होती.

त्या रविवारी पहिल्यांदा एक माणूस उठून उभा राहिला. चिमण, रानशेतचाच, भात आणि नागली पिकवणारा शेतकरी. सून नवशी पाचव्या महिन्यात होती, तिला घेऊन आला होता. पण त्याच्या डोक्यात काहीतरी बसत नव्हतं.

"बुवा, राग नका धरू," तो म्हणाला. "पण माशाच्या पोटात पोर कसं? मासा अंडी घालतो ना? आमच्या नदीतले तर घालतात."

नारूबुवाला भाषण येत होतं, उत्तर येत नव्हतं. आणि नेमकी त्याच वेळी मागच्या रांगेतून दक्षा बोलली.

दक्षा नरपडची. डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसायची. लहानपणापासून तिच्या हाताखालून किती मासळी गेली असेल त्याला गणती नाही. सातवा महिना लागलेला होता, म्हणून ती कमरेवर हात ठेवून सावकाश उठली.

"काका, तुम्ही नदीवाले. दर्यातलं वेगळं असतं," ती म्हणाली. "मुशीच्या पोटात जिवंत पिल्लं असतात. पाकटाच्याही असतात. मी या हातांनी कापल्यात, पिल्लं वळवळताना बघितल्यात. दर्यातल्या माशाला पोर होतं."

ती खोटं बोलत नव्हती. मुशीला, म्हणजे लहान शार्कला, पिल्लं होतात, हे समुद्राकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. घोळ इतकाच झाला, की एका माशाबद्दल खरं असलेलं तिने कधी न कापलेल्या दुसऱ्या माशाला लावलं. डोंगरातल्या माणसाला जी शंका आली ती तिला आली नाही, आणि ती आली नाही याचं कारण तिला मासळीतलं कळत होतं हेच. चिमणने मान डोलावली. मासळी कापणारी बाई सांगते म्हणजे असेल, असं म्हणून तो खाली बसला. नवशी पुढे सरकली, बुवाच्या कानाशी लागली. नारूबुवाने दक्षाकडे असं बघितलं, जसं आठवडी बाजारात वजनाचा काटा आपल्या बाजूने झुकल्यावर बघायचा.

अंगणाबाहेर, टेम्पोपाशी, दक्षाचा नवरा जतीन मोटरसायकलवर बसून होता. बोट किनाऱ्याला असली की तो तिला रविवारी सोडायला यायचा, पण आत कधी येत नसे. "मला नाही ते जमत," म्हणायचा. दक्षाला वाटायचं, पुरुषमाणूस आहे, लाजतो.

*

दक्षाची कूस दोनदा रिकामी झाली होती. दोन्ही वेळा सातव्या महिन्याच्या आसपास, दोन्ही वेळा अंगावर सूज येऊन. हे तिसरं टिकवायचं, याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या सुषमा सिस्टरने तिला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या, दर आठवड्याला ये म्हणून बजावलं होतं, आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरी थांबायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दक्षा ऐकायचीही. पण दवाखान्यातून परतताना तिला भीती वाटायची आणि रानशेतहून परतताना हलकं वाटायचं. माणूस जिथं हलकं वाटतं तिकडे जातो.

एका रविवारी तिने बुवाच्या कानात विचारलं, दवाखान्यात जाऊ का, गोळ्या घेऊ का. बुवाने पंजा ठेवला. दर्याई वरच राहिली. जरासुद्धा हलली नाही. आता ती कशाला हलेल? बाई दवाखान्यात बाळंत झाली तर नाव दवाखान्याचं होणार, बरणीला कोण विचारणार?

त्या दिवशी घरी आल्यावर ती ओट्यावर बसली. मासेमारी बंदीचे दिवस जवळ आले होते, जतीनची बोट किनाऱ्याला लागली होती आणि तो अंगणात जाळं सांधत होता. जतीन सौराष्ट्राकडच्या एका लांब पल्ल्याच्या बोटीवर खलाशी. घरी असला की दक्षा त्याच्या शेजारी बसून सुईवर दोरा भरून द्यायची. तो डावखुरा होता, त्यामुळे त्याची गाठ उलटी फिरायची, आणि कापलेलं टोक तो विडीने जाळून त्याचा काळा मणी करायचा. जतीनने बांधलेलं सोडवायला जतीनच लागतो, असं बोटीवरची माणसं म्हणायची. दक्षाला त्या गाठीचं कौतुक होतं.

"आईने नाही म्हटलं आज," ती दोरा भरता भरता म्हणाली. "दवाखान्यात जायचं नाही."

जतीनची सुई थांबली. "आणि गोळ्या?"

"गोळ्यापण नाही."

त्याने हातातली अर्धवट गाठ आवळली. मग म्हणाला, "तुला बरं वाटतं ना तिकडं जाऊन?"

"वाटतं. तू होतास का त्या दोन वेळेला इथं? तू दर्यात होतास. मला कोणीतरी सोबत लागतं, जतीन."

जतीनने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा जाळ्यात सुई घातली. दक्षाने उरलेल्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवून दिल्या.

पुढच्या दिवसांत तिचे पाय सुजले, मग हात सुजले. दर्याईला विचारलं तर दर्याई खाली उतरली. म्हणजे सगळं बरं आहे. डोकं दुखायचं तर ती कपाळावर ओला फडका बांधून बाजारात बसायची. शेजारची हिराबाई मासळीवाली म्हणाली, "दक्षा, तुझं तोंड असं भाकरीसारखं का फुगलंय?" तर दक्षा म्हणाली, "बाळाचं तेज आहे ते."

सुट्टीत कल्पिता माहेरी आली. कल्पिता म्हणजे जतीनची धाकटी बहीण, तलासरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. उंबऱ्यातच ती थबकली.

"वहिनी, अंगठी कुठंय तुझी?"

"बोटात जात नाही हल्ली."

"आणि गोळ्या?"

दक्षाने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं तिच्या मते काही नव्हतंच. कल्पिताचा आवाज चढत गेला, पण दक्षा जागची हलेना. "तू फळ्यावर मासा काढतेस, मी पाटावर कापते," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बाळ बघितलंय. आणि तो मासा माणसासारखा उत्तर देतो, ते काय खोटं?"

"लांबून बघितलंस की जवळून?"

"जवळ कोणाला सोडत नाहीत. सोवळं असतं."

कल्पिताने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तो हात कुठं ठेवतो बुवा? कपड्यावर? दाबून?" आणि मग, "बरं. उद्या रविवार. मीपण येते. मलाही तुझ्या दर्याईला काहीतरी विचारायचंय. पण नंतर तू माझ्यासोबत दवाखान्यात यायचंस, नुसतं तपासायला."

दक्षाला बरं वाटलं. नणंद एकदा डोळ्यांनी बघेल तर तिचीही खात्री पटेल, असं तिला मनापासून वाटत होतं. जतीन मात्र त्या संध्याकाळी जेवला नाही.

*

रविवारी दक्षा सकाळचा बाजार उरकून तशीच निघाली. पाटी, सुरी सगळं सोबतच. कल्पिता रिक्षाने आली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. बहीण आत गेली म्हणून असेल, त्या दिवशी जतीन पहिल्यांदाच अंगणात आला आणि पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला.

पडदा सरकला. नारूबुवाने कलियुगापासून सुरुवात केली. कल्पिताने ते ऐकून घेतलं आणि पिशवीतून पाण्याची प्लास्टिकची बाटली काढली. बाटली काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट, आणि आत वर तरंगत होती वडापावच्या गाडीवर मिळते ती सॉसची छोटी पुडी.

"बुवा, माझ्याकडेपण एक देवी आहे," ती म्हणाली. "सॉसआई. हिला विचारलं तर हीसुद्धा सांगते."

माणसं हसली. बुवाही हसला, कारण गर्दी हसत होती.

"सॉसआई," कल्पिताने बाटली दोन्ही हातांत धरून मोठ्याने विचारलं, "नारूबुवांची मुलगी बाळंत झाली ती दर्याईपुढे झाली की वापीच्या मोठ्या दवाखान्यात? दवाखान्यात झाली असेल तर खाली जा."

पुडी हळूहळू खाली गेली आणि तळाला टेकली. मग मागून एक बाई सहज म्हणाली, "झाली की. सिझर झालं तिचं. मी गेले होते बघायला." नारूबुवाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मी फक्त बाटली दाबली," कल्पिता म्हणाली आणि बाटली चिमणच्या हातात दिली. "काका, दाबा. आता सोडा. पुडीत थोडी हवा असते, म्हणून ती तरंगते. बाटली दाबली की पाणी त्या हवेला दाबतं, हवेची जागा लहान होते, पुडी बुडते. हात सैल केला की हवा फुगते, पुडी वर येते. बुवांचा पंजा कुठं असतो? बरणीच्या तोंडावर. त्या लाल कपड्याखाली रबर ताणून बांधलेलं असणार."

चिमण लहान पोरासारखा बाटली दाबत होता, सोडत होता. पण नारूबुवा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"हे प्लास्टिक आहे," तो ओरडला. "माझ्या आईची बरोबरी पुडीशी करतेस? पुडीत बाळ आहे का? दाखव बाळ. अरे, ही दर्यावरची बाय इथं बसली आहे. हिने मुशी कापल्यात, पिल्लं बघितल्यात. बोल गं बाय, बाळ आहे की नाही?"

सगळ्यांच्या माना दक्षाकडे वळल्या. दक्षाचं डोकं ठणकत होतं. नणंदेने चारचौघांत असं करावं, याचा तिला रागच आला होता. कल्पिता तिच्याशी वाद घालायला गेली नाही. तिने फक्त विचारलं.

"वहिनी, मुशीच्या पोटात पिल्लू कुठं असतं? आणि तिने खाल्लेला मासा कुठं असतो?"

हा प्रश्न दक्षाला कोणीही, कधीही विचारावा. "पिल्लं मागं, कण्याखाली, शेपटीच्या अंगाला," ती म्हणाली. "खाल्लेलं पुढं. गळ्यापासून पिशवी सुरू होते त्यात."

"मग एकदा जवळून बघ."

दक्षा पुढे निघाली. बुवाने सोवळं-सोवळं करत हात आडवा घातला. "बघू दे तिला," चिमण म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही, पण त्याच्या मागे आणखी पाच-दहा माणसं उभी राहिली, तेव्हा बुवाने हात मागे घेतला.

दक्षा बरणीजवळ वाकली. आजवर तिने या माशाकडे हात जोडून बघितलं होतं. आज तिने तो विकत घेताना बघावा तसा बघितला. पोटाची ती पिशवी थेट गळ्यापासून सुरू होत होती. आतला जीव दर्याईपेक्षा लांब होता, म्हणून दुमडलेला होता. त्याला खवले होते. त्याचा डोळा शिजवलेल्या माशासारखा पांढरा पडला होता, आणि एका बाजूला अंग सडून काटे दिसत होते. असा माशाच्या पोटातला मासा तिने बाजारात रोज काढून फेकला होता.

"हे बाळ नाही," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नसेल. "हे हिचं जेवण आहे."

मग तिला पोटाच्या खालच्या अंगाला टाका दिसला. कोणीतरी ती पातळ कातडी उघडून पुन्हा शिवली होती, जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने, बारीक आणि सुबक. गाठ उलटी फिरलेली होती. दोऱ्याच्या टोकाला जळका काळा मणी होता.

मग तिने मान वळवून खांबाकडे बघितलं. जतीन तिच्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता.

तिने पाटीतली सुरी घेतली. लाल कपड्याची दोरी कापली, खालचं ताणलेलं रबर फाडलं, बरणीत हात घातला. डोळ्यांना झोंबणारा औषधी वास पडवीभर पसरला. मासा चौरंगावर ठेवून तिने तो टाका कापला आणि आत दोन बोटं घातली. बाहेर आला तो फुग्याचा तुकडा. वाढदिवसाला असतात तसल्या गुलाबी फुग्याचा, थोडी हवा भरून गाठ मारलेला. ती गाठही तिने ओळखली.

"वहिनी, हात धू आधी," कल्पिता पुढे धावली. तिने अजून ती गाठ बघितली नव्हती.

"या लोकांना सांग काय ते," दक्षा म्हणाली. "मी बाहेर आहे."

तेव्हा कल्पिताने चौरंगाशी उभं राहून सांगितलं. हा मासा लबाड नाही, बिचारा आहे. तो समुद्रात इतक्या खोल राहतो की तिथं दिवस उगवत नाही आणि खायलाही क्वचितच मिळतं. म्हणून समोर येईल ते तो सोडत नाही, मग ते त्याच्याहून मोठं का असेना. जबडा मागे सरकतो, आत वळलेले दात भक्ष्याला बाहेर निसटू देत नाहीत, आणि पोट रबरासारखं ताणतं. कधी कधी मात्र भक्ष्य इतकं मोठं असतं की पचायच्या आधीच ते पोटात सडायला लागतं. त्याचा वायू धरतो, पोट फुगतं, आणि तो वायू माशाला तळातून उचलून वर घेऊन येतो. वर येईतो तो मेलेला असतो. माणसाला हा मासा सापडतो तो बहुतेक असाच, जास्त खाऊन मेलेला.

"याला देवी म्हणणारा माणूस वेगळा," ती म्हणाली. "माशाने कोणाला काही सांगितलं नाही."

नारूबुवा तोवर "आईने समाधी घेतली" असं म्हणत घरात शिरला होता आणि आतून कडी लावत होता.

*

टेम्पोपाशी जतीन आधी नुसता उभा राहिला. मग बोलायला लागला तर थांबेना. लांब दर्यात, बोटीच्या कडेला हा मासा तरंगताना दिसला. असला कोणी बघितला नव्हता. त्याने बर्फात घालून घरी आणला, गंमत म्हणून. तेव्हा दक्षा माहेरी होती. नारूने बघितला आणि मागून घेतला, औषधाचं पाणी आणलं. पोटातला वायू गेला तसा मासा बुडायला लागला, म्हणून नारू पुन्हा आला, म्हणाला आत फुगा घालून शिवून दे, तुझ्यासारखा टाका कोणाला येतो. "बाजारात तमाशा दाखवणार म्हणाला, दक्षा. देवीचं काही बोलला नाही तेव्हा. शप्पथ."

"मी इथं यायला लागले तेव्हा कळलं ना तुला?"

"कळलं. पण तू हसायला लागली होतीस. त्या दोन वेळेनंतर पहिल्यांदा. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि मी गोळ्या बंद केल्या तेव्हा?"

जतीनने मोटरसायकलची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मी दोरा भरत तुझ्या बाजूला बसले होते," दक्षा म्हणाली. "तू मला विचारलंस, गोळ्या? मी म्हटलं, नाही. तेव्हा तुझ्या तोंडात शब्द होता, जतीन. तू तो गिळलास. नारू परका आहे, तो पोट भरायला खोटं बोलला. तू माझा होतास."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती चक्कर. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आणि तेवढ्यात चिमण समोर आला, हातात अजून ती बाटली.

"बाय," तो म्हणाला, "मी त्या दिवशी विचारलं होतं. तू सांगितलंस म्हणून बसलो खाली. माझ्या सुनेनेपण गोळ्या टाकून दिल्या."

ती जतीनला जे विचारत होती, तेच चिमण तिला विचारत होता. दक्षाने त्याची नजर चुकवली नाही. "माझं चुकलं काका," ती म्हणाली. "नवशीला आण. आताच्या आता. सोबत जाऊ."

जतीनने मोटरसायकल पुढे आणली. दक्षा रिक्षात बसली, कल्पिता आणि नवशीच्या मध्ये.

*

दवाखान्यात सुषमा सिस्टरने रक्तदाब बघितला आणि रागवायचंही विसरली, सरळ डॉक्टरीणबाईंना हाक मारली. नवशीचं निभावलं. तिला गोळ्या पुन्हा सुरू करून घरी पाठवलं. दक्षाच्या बाबतीत मात्र वाट बघायला वेळच उरला नव्हता. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. दिवस न भरलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, छातीवर तारा. जगेल का, हे डॉक्टरीणबाई पहिले काही दिवस सांगायला तयार नव्हत्या. वेळेवर आली असती तर एवढं झालं नसतं, इतकंच त्या म्हणाल्या.

नारूबुवाविरुद्ध तक्रार दिली गेली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आणि तक्रारीवर पहिली सही कल्पिताची, दुसरी चिमणची. माशाचा टाका कोणी घातला हेही कल्पिताने त्यात लिहिलं. लिहिताना तिचा हात थांबला होता, तेव्हा दक्षाच म्हणाली, लिही. तरी आजही वेवजीकडे एखादी बाई सांगताना सापडेल, की दर्याई खरी होती, नरपडच्या बाईने सुरी लावली म्हणून कोपली.

म्हणून हे सांगायचं. देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने बघावं. पण कोणी बरणी दाखवली, तर ती जवळून बघू द्या म्हणावं. जवळ जाऊ देत नसेल, तर तिथून उठावं. आणि आपल्याला एक गोष्ट नीट कळते म्हणून दुसरीही कळलीच, असं धरून चालू नये, कारण आपल्या शब्दावर विसंबून मागे कोणीतरी खाली बसतं. घरात एखाद्याला खरं माहीत असेल तर त्याने ते वेळेवर बोलावं. समोरच्याचं हसू जाईल म्हणून गप्प राहणं ही माया नव्हे.

काही दिवसांनी दक्षाला चाकाच्या खुर्चीवरून बाळाकडे नेलं. जतीन आधीच तिथं होता. काचेच्या पेटीसमोर उभा, डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडलेले, ओठ हलत होते. आत मुलगी अंग दुमडून निजली होती.

दक्षाने थोडा वेळ बघितलं.

"हात खाली घे," ती म्हणाली. "ती सिस्टर बसली आहे ना तिकडं, तिला जाऊन विचार, आज वजन किती वाढलं. आणि काय सांगते ते जसंच्या तसं मला येऊन सांग. वाईट असलं तरी."

जतीनने हात खाली घेतले आणि विचारायला गेला.